चाळीस कोस, चार दिवस

माझे सासरे उमाशंकरपंत यांनी जन्मात उज्जैनपलीकडे पाय टाकला नव्हता. तरीही देवासातल्या कुणाला कुठे जायचं असलं की तो आधी आमच्या ओटीवर येई. मामंजींनी जमिनी मोजणाऱ्या पैमाईश खात्यात तीस वर्षं नकाशे उतरवले होते. नोकरी सुटली तेव्हा मध्य हिंदुस्थानचा एक मोठा नकाशा त्यांनी स्वतःच्या हाताने कापडावर काढून घरी आणला आणि झोपाळ्यासमोरच्या भिंतीवर लावला. त्यांच्यापाशी पितळेचा एक परकार होता. आलेला माणूस गावाचं नाव सांगे. मामंजी परकाराचं एक टोक देवासावर रोवत, दुसरं त्या गावावर टेकवत, मग परकार तसाच उचलून खालच्या कोसांच्या पट्टीवर धरत आणि सांगत, इतके कोस. बैलगाडी रोज दहा कोस चालते, म्हणजे इतके दिवस. आमच्या देवासात दोन राजांची दोन राज्यं, रस्त्याच्या एका अंगाला थोरली पाती आणि दुसऱ्या अंगाला धाकटी, पण मामंजींकडे दोन्ही पात्यांचे लोक येत. माना डोलावत, पान खात आणि घरी जात. प्रत्यक्षात किती दिवस लागले हे सांगायला मात्र परत कुणी येत नसे.

हे मी आज फार शांतपणे सांगते आहे असं कुणी समजू नये. मला त्या परकाराचा राग आहे, मामंजींचा आहे, माझ्या नवऱ्याचा आहे, धाकट्या दिरांचा तर आहेच, आणि त्या दहा दिवसांत मी स्वतः गप्प बसले त्याचाही आहे. माणसं मरून गेली, राग काही गेला नाही.

माझी जाऊ कमल मनावरची. मनावर हे गाव धारच्या खाली, विंध्याचा घाट उतरून गेल्यावर लागतं. तिचे वडील गोपाळराव तिथे शाळा चालवत. लग्न त्यांनी मुलीला इकडे देवासला आणूनच लावून दिलं होतं, त्यामुळे आमच्या घरातल्या कुणी मनावर पाहिलंच नव्हतं. कमल सतरा वर्षांची, सावळी, कमी बोलणारी. मी तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. सासूबाई माझ्या लग्नानंतर दोनच वर्षांनी गेल्या होत्या, म्हणून घरात बायका म्हणजे आम्ही दोघीच. हे मुद्दाम सांगते आहे, कारण सासूबाई असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं.

शके अठराशे सव्वीस, म्हणजे एकोणीसशे चार साल. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं. कमल चैत्रात माहेरी गेली होती. जावयाला रजा मिळत नाही म्हटल्यावर गोपाळरावांनी ठरवलं की मुलीला पाठवायची आहेच, वाणही तिच्याबरोबरच पाठवावं. कमलला भाऊ नव्हता. मुऱ्हाळी, म्हणजे सासरी पोचवणारा सोबती म्हणून त्यांनी शेजारच्या कृष्णाजीला धाडलं. कृष्णाजी मराठा, धारच्या पागेत उभी हयात घोडे सांभाळलेला, साठीच्या पुढचा माणूस. कमलला त्याने खांद्यावर बसवून जत्रा दाखवल्या होत्या. गोपाळरावांनी मामंजींना कार्ड टाकलं, की चि. सौ. कमल हिला शुद्ध पंचमीस सकाळी कृष्णाजीसोबत रवाना केली आहे.

कार्ड अष्टमीला दुपारी आलं. मामंजींनी वाचलं, लगेच उठून परकार लावला आणि जाहीर केलं, चाळीस कोस, चार दिवस, सूनबाई आज संध्याकाळी येणार. मी दोन माणसांचा भात जास्त टाकला. अष्टमी गेली, नवमी गेली. दशमीला मामंजींनी परकार पुन्हा लावून पाहिला. चाळीसच कोस निघाले.

द्वादशीला दिवेलागणीच्या थोडं आधी छकडा दारात आला. कमल अंग आंबलेलं असूनही ताठ बसली होती आणि अनारशांची टोपली तिने मांडीवर, दोन्ही हातांनी उचलून धरली होती. ओटीवर यशवंतराव बसले होते. थोरल्या पातीकडचे जुने शिलेदार, बागलीला मुलीसाठी स्थळ पाहायला जायचं म्हणून अंतर विचारायला आलेले. म्हणजे परका माणूस समोर होता. तेवढीही लाज मामंजींनी बाळगली नाही. सुनेला आत येऊ द्यावं, पायांवर पाणी घालू द्यावं, काही नाही. झोपाळा पायाने थांबवला आणि विचारलं, "पंचमीला निघालीस. अष्टमीला यायला हवी होतीस. आज द्वादशी. चार रात्री कुठे होतीस?"

कमलने माझ्याकडे पाहिलं. मी दारात हातात तांब्या घेऊन उभी. तिच्या त्या पाहण्यावरून मला निम्मं कळलं, आणि उरलेलं घटकाभरात तिने माजघरात सांगितलं. पण ओटीवर ती एवढंच म्हणाली, की लग्नाला येतानाही सहा दिवस लागले होते. मामंजी म्हणाले, तेव्हा वऱ्हाड होतं, सामान होतं. शिवाय सहा म्हटले तरी आज आठवा दिवस आहे. मग त्यांनी कृष्णाजीला विचारलं. कृष्णाजी हात जोडून म्हणाला, की महाराज, घाटाला वेळ लागला, आणि बेटम्याला दोन दिवस मुक्काम पडला. का पडला, असं विचारल्यावर त्याने मान खाली घातली. सांगण्यासारखं असतं तर त्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं असतं. मामंजींना त्या खाली गेलेल्या मानेत भलतंच दिसलं. ते म्हणाले, "मोठी सूनबाई, हिला मागच्या खोलीत बसव. स्वयंपाकाला आणि देवाला हिचा हात लागता कामा नये."

कृष्णाजीने छकडा तसाच वळवला. मी पाणी घेऊन धावले. म्हातारा म्हणाला, "बाई, ह्या घरचं पाणी नको. पोरीला जपा." त्याचे बैल दिवसभर चाललेले होते, तरी तो थांबला नाही.

झालं होतं ते असं. पंचमी, षष्ठी, सप्तमी असे तीन दिवस चालून, घाट चढून ती दोघं धारेला पोचली. अष्टमीला संध्याकाळी बेटम्याला आली आणि तिथे कमल बाहेरची झाली. बाहेरची झालेल्या बाईने तीन दिवस लांब बसायचं, कशाला शिवायचं नाही आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतल्यावरच पुन्हा माणसांत यायचं, हे आमच्या घरात लहान पोरीलाही ठाऊक. छकड्यात हातभर जागा. त्यात सोवळ्यात केलेले वाणाचे अनारसे. ती तशीच पुढे आली असती तर अनारसे विटाळले असते, आणि तशी ती सासरच्या उंबऱ्यात उभी राहिली असती तर मामंजींनीच घर धुवायला लावलं असतं. म्हणून ती बेटम्याच्या धर्मशाळेत थांबली. धर्मशाळेतल्या देवाची पूजा करणाऱ्या उमाबाई नावाच्या एका विधवा बाईंनी तिला पडवीत जागा दिली, टोपली स्वतःच्या देवापाशी ठेवून घेतली. कृष्णाजी तीन दिवस बाहेर चिंचेखाली बैलांपाशी पडून राहिला. एकादशीला सकाळी न्हाऊन कमल निघाली. या घराचा नियम या घरात कुणी पाळला नसेल इतका त्या पोरीने पाळला होता, आणि त्याचीच शिक्षा ती भोगत होती.

आता हे मामंजींना सांगायचं कुणी? सासूबाई असत्या तर त्यांनी आतल्या आत एका वाक्यात सांगितलं असतं आणि विषय मिटला असता. सुनेने सासऱ्यापुढे असला शब्द काढायची पद्धत नव्हती. मी माझ्या नवऱ्याला, चिंतामणरावांना सांगितलं. ते शाळेत मुलांना भूगोल शिकवत. मामंजींना दोघे मुलगे अण्णा म्हणत. रस्ता सरळ जात नाही, हे तरी अण्णांना सांगा, म्हटलं. ते म्हणाले, अण्णांच्या नकाशात मी चूक काढू? आणि दुसरी गोष्ट तर मला उच्चारताही येणार नाही. मग मी शरच्चंद्रभावजींना गाठलं. बायको त्यांची होती. ते कानशिलापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, "मला माहीत आहे, वहिनी. तिने सांगितलं. पण अण्णांसमोर हे बोलायचं कसं?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. माहीत असून ते रोज दोन वेळा माझ्या हातचं जेवून, हात पुसून कचेरीत जात होते. मला त्यांच्या पानात भात वाढवेना.

वाणाचे अनारसे मामंजींनी गाईला घालायला लावले. मी स्वतः घातले. कमलच्या आईने केलेले, खसखस लावलेले, एकही फुटलेला नाही. गाईने सगळे खाल्ले आणि मागच्या खोलीच्या खिडकीतून कमलने ते पाहिलं. मी खिडकीपाशी गेले तर ती म्हणाली, जाऊबाई, आईने तांदूळ तीन दिवस भिजवले होते. बाकी तिने तक्रार केली नाही. दहा दिवस ती त्या खोलीत होती. मी ताट नेऊन ठेवायची. ती अर्धं खायची आणि विचारायची, ते काही म्हणाले का? ते म्हणजे भावजी. मी खोटं सांगायची की चेहरा उतरलाय त्यांचा.

दहाव्या दिवशी मामंजींनी निर्णय सांगितला. सुनेला ते स्वतः मनावरला नेऊन बापाच्या हवाली करणार. बाईमाणूस एकटं नको म्हणून मी सोबत. गोपाळरावांना त्यांनी कार्ड टाकलं, की वद्य सप्तमीस निघून दशमीस सायंकाळी येत आहे, समक्ष बोलू. चार दिवस म्हणजे चार दिवस. भिंतीवरचा नकाशा त्यांनी उतरवला, गुंडाळून छकड्यात घेतला, परकार उपरण्यात बांधला. निघताना भावजी ओटीवर उभे होते. कमलने गाडीत बसताना त्यांच्याकडे एकदा पाहिलं. ते वाकून बैलांच्या खुरांकडे पाहत होते.

गाडीवान शालिग्राम म्हणून एक माळव्यातला माणूस होता. पहिल्या दिवशी इंदूर गाठेपर्यंत बैल फेसाळले. मामंजींनी नकाशा उघडून पाहिला तर मनावर नैऋत्येला, तिरकं खाली, आणि आम्ही गेलेलो बाजूला. त्यांनी शालिग्रामला विचारलं, की इकडून सरळ का नाही घेतली? शालिग्रामने ती रेघ नीट निरखली. "बाबजी, यो मारग तो चिड़ी को हे," तो म्हणाला. "म्हारा बैल के पाँख नी हे." हा रस्ता चिमणीचा आहे, माझ्या बैलांना पंख नाहीत. अंगठा उठवणाऱ्या माणसाला जे एका नजरेत दिसलं ते तीस वर्षं नकाशे काढणाऱ्याला दिसलं नव्हतं. मामंजी त्याला अडाणी म्हणाले आणि नकाशा गुंडाळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेटमा. त्याच धर्मशाळेत उतरलो, कारण दुसरी नव्हतीच. मामंजी बाहेरच्या दगडी कट्ट्यावर नकाशा मांडीवर घेऊन बसले. आतून एक लाल आलवण नेसलेल्या म्हाताऱ्या बाई पाण्याची कळशी घेऊन आल्या. त्याच उमाबाई. त्यांनी कमलला पाहिलं आणि कट्ट्यावर कोण बसलंय याची पर्वा न करता त्या बोलल्या. "आलीस का गं परत? या खेपेला तरी धड आहेस ना?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मागच्या खेपेला तीन दिवस माझ्या पडवीत लांब बसली होती हो. पण अनारशांच्या टोपलीला सावली लागू दिली नाही. बरोबरचा तो म्हातारा बाहेर बैलांपाशी. अशी सून मिळायला नशीब लागतं."

मामंजींच्या हातातला परकार थांबला. त्यांना अर्थ कळला, अगदी लख्ख कळला, कारण असल्या बाबतीत त्यांना घरातलं सगळं कळत असे, फक्त कुणी बोलायचं नसे. मी जवळ गेले. सासरच्या दहा वर्षांत मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. त्या दिवशी तो खांद्यावर आला आणि मी तो सावरला नाही.

"ऐकलंत ना, मामंजी?" मी म्हटलं. "चार रात्रींपैकी दोन इथे गेल्या. उरलेल्या दोन कुठे गेल्या ते रस्ता दाखवीलच. गाडी मागे वळवा."

त्यांनी नकाशावर बेटमा शोधलं. मग म्हणाले, हे आधी सांगायला काय झालं होतं? मी विचारलं, कुणी सांगायचं? तुमचा मोठा मुलगा लाजतो, धाकटा घाबरतो, आम्ही बोललो तर मर्यादा सुटते. आणि सांगितलं असतं तर ओटीवर यशवंतरावांसमोर विचारलेला प्रश्न तुम्ही परत घेतला असता का? पुन्हा म्हटलं, गाडी वळवा. तेव्हा त्यांनी नकाशाची घडी केली. "व्याह्यांना कार्ड गेलंय," ते म्हणाले. "दशमीला येतो लिहिलंय. शब्द मोडायचा नाही."

मला वाटलं, हा माणूस वेडा झालाय. पोरीचा दोष नाही हे कळलं, तरी तिला टाकायला पुढे निघालाय, कारण कार्ड गेलंय. पण वेड नव्हतं ते. मागे वळलं असतं तर देवासात चुकलो म्हणावं लागलं असतं. पुढे जाणं सोपं होतं.

नवमीला धार. दशमीला सायंकाळी, म्हणजे ज्या वेळी आम्ही मनावरला पोचणार होतो, तेव्हा आम्ही घाटाच्या माथ्यावर एका उघड्या माळावर होतो आणि खाली नुसती डोंगरांची रांग. मामंजींनी त्या दिवशी नकाशा उघडलाच नाही. एकादशीला घाट उतरायचा होता. शालिग्रामने गाडीच्या मागे लाकडाचा ओंडका बांधला, म्हणजे उतारावर गाडी बैलांच्या अंगावर जात नाही, आणि आम्हा सगळ्यांना खाली उतरवलं. जेठाचं ऊन, मामंजींचा उपास, पायाखाली तापलेले धोंडे. अर्ध्या घाटात त्यांचे पाय लटपटले. त्यांना धरलं ते कमलने. मी धरलं नसतं, खरं सांगते. तिने त्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं, उपरणं ओलं करून डोक्यावर ठेवलं. मामंजी तिच्या हातचं पाणी प्याले. दहा दिवस जिचा हात देवाला चालत नव्हता तिच्या हातचं पाणी एकादशीला चाललं. ते तिला काही म्हणतील म्हणून मी वाट पाहत होते. ते म्हणाले, अजून किती कोस?

द्वादशीला संध्याकाळी मनावर दिसलं. गावाबाहेर वडाखाली गोपाळराव उभे होते. दशमीपासून दोन दिवस, शाळा सुटल्यावर ते रोज तिथे येऊन उभे राहत होते. मामंजींनी दशमी लिहिली होती आणि आम्ही द्वादशीला उगवलो होतो. गोपाळरावांनी मामंजींना हात देऊन खाली उतरवलं आणि म्हणाले, घाट जड गेला असेल, चला, आधी पाय धुवा. दोन रात्री कुठे होतात, असं काही त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या मनातही आलं नसेल. मला तिथे रस्त्यावरच रडू कोसळलं.

घरी पाणी झालं, गूळ झाला. मामंजी भिंतीला टेकून बसले. गोपाळराव समोर, हात मांडीवर ठेवून. त्यांना अजून काहीच ठाऊक नव्हतं. कृष्णाजीने परत येऊन त्यांना एक अक्षर सांगितलं नव्हतं. मामंजींनी घसा साफ केला आणि म्हणाले, की सुनेच्या प्रवासाविषयी थोडी शंका आली होती, म्हणून मी तिला पोचवायला आलो होतो. वाटेत चौकशी केली, शंका फिटली. चार दिवस विसावा घेऊन मी तिला परत घेऊन जाईन. आवाज असा, की उपकार चाललेत. गोपाळरावांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग ते हात जोडू लागले. मुलीचा बाप, दुसरं काय करणार. मोठं मन आहे आपलं, असं काहीतरी ते पुटपुटले.

कमल दारात आली. पदर व्यवस्थित, डोळे कोरडे.

"मामंजी, मी आपल्यासोबत येणार नाही," ती म्हणाली.

गोपाळराव तिला गप्प करायला उठले. तिने त्यांना हाताने थांबवलं. ती सावकाश बोलली, पण तिचं एकेक अक्षर मला आजही आठवतं. "दहा दिवस मी मागच्या खोलीत होते. काय झालं म्हणून आपण एकदाही विचारलं नाहीत. आपण मोजलंत. बेटम्याला आपल्याला कळलं, तरी इथवर आणलंत. आता आपली शंका फिटली म्हणून मी परत यायचं, उद्या दुसरी आली की पुन्हा हाच रस्ता. मी नाही येणार."

मामंजी म्हणाले, मग नवऱ्याला काय सांगू?

"आपण काही सांगू नका. जाऊबाई सांगतील." ती माझ्याकडे वळली. "त्यांना म्हणावं, ते स्वतः न्यायला आले तर मी त्याच पावली निघेन. रस्ता सहा दिवसांचा आहे."

आतून तिच्या आईने तिला ओढून घेतलं. गोपाळराव पुन्हा खाली बसले. मला वाटलं, आता मुलीला रागावतील. ते मामंजींना एवढंच म्हणाले, की ती म्हणते तसंच होईल. मग उठून दिवा लावायला गेले.

तिथून आम्ही तिसऱ्या दिवशी निघालो. निघताना कमलने माझ्या पिशवीत भावजींसाठी एक सदरा ठेवला. माहेरी असताना शिवलेला, अनारशांच्या टोपलीखाली आणलेला आणि त्या गडबडीत द्यायचा राहिलेला. तो तिने देवासाहून परत मनावरपर्यंत आणला होता आणि आता पुन्हा माझ्याकडे दिला. ते येतील असं तिला वाटत होतं. मलाही वाटत होतं, हेच मला आज सर्वांत जास्त छळतं. वाटभर मी मामंजींशी एक शब्दही बोलले नाही. सहा दिवस. मनात मी भावजींचं निघणं ठरवत होते. पाऊस पडायच्या आत घाट गाठायचा, धारेला कुणाकडे उतरायचं, कमलची आई त्यांना काय करून वाढील. रागाने माणूस मूर्खही होतो.

देवासला पोचलो तेव्हा भावजी कचेरीतून नुकतेच आले होते. त्यांनी अण्णांना उतरवून घेतलं, त्यांचा हात धरून ओटीवर बसवलं, पंखा आणला. मग छकड्यात डोकावून पाहिलं. मी त्यांना परसात बोलावलं, सदरा हातात दिला आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. ती येणार आहे. तुम्ही स्वतः जायचं आहे. सहा दिवस लागतात.

त्यांनी सदरा उलगडला. शिवण पाहिली, खांद्याशी लावूनही पाहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता म्हणतील, उद्याच निघतो.

"अण्णा हो म्हणाले तर जाईन, वहिनी," ते म्हणाले. "तुम्ही विचाराल का त्यांना?"

मी त्यांच्या हातातून सदरा काढून घेतला. आत गेले, चिंतामणरावांची दौत घेतली आणि एक कार्ड लिहिलं. मला लिहायला जेमतेम येत होतं, अक्षर वाकडं, ओळ खाली गेलेली. वर कमलचं नाव आणि मनावर. आत तीनच शब्द. वाट पाहू नकोस.